अळवावरचं पाणी आणि दारातली गाडी

मे महिना सरत आला की आपली धांदल ठरलेली. कुरडया-पापड डब्यात भरायचे, तांदळाला ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायचा, गच्चीच्या भेगा बुजवायच्या, छत्र्या-रेनकोट माळ्यावरून काढायचे. मुळशीकडच्या बाईला हे कुणी सांगायला नको. मृगाचा पहिला शिंतोडा पडायच्या आत घर आवरलेलं असतं. पण या सगळ्या यादीत एक वस्तू हमखास राहून जाते. ती म्हणजे दारात उभी असलेली गाडी.

खरं तर घर आणि अंगावरचं सोनं सोडलं, तर संसारातली सगळ्यात महागाची वस्तू तीच. चार-पाच वर्षं हप्ते फेडायचे, आणि ते फिटायच्या आतच मडगार्डच्या कडेला गंजाचा पहिला तांबूस ठिपका दिसायचा, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. “गाडीचं काय ते हे बघतील,” असं म्हणून सोडून देण्याचे दिवसही आता राहिले नाहीत. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पौड रस्त्याला उभं राहून पाहा. भूगाव, पिरंगुट, घोटवड्याकडून येणाऱ्या दुचाक्यांवर शिक्षिका, अंगणवाडीताई, बँकेतल्या, कंपनीतल्या, हिंजवडीला जाणाऱ्या किती बायका दिसतात! गाडी धड असली तर नोकरी वेळेवर, मुलं वेळेवर, आणि महिनाअखेरीला चार पैसे हाताशी. तेव्हा तिच्या रंगाची काळजी ही पुरुषांनी रविवारी करायची हौस नाही, घरखर्चाचाच तो भाग आहे.

आपला पाऊस साधा नव्हे

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ताम्हिणीच्या दिशेनं निघालं की गावागणिक तो वाढत जातो, आणि ताम्हिणी घाटात चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरचा आकडाही मागे पडतो. या पावसाच्या भरवशावरच टाटांनी १९२० च्या दशकात मुळशीचं धरण बांधलं. त्यापायी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, हे आपण शाळेत शिकलो, शिकवतोही. ज्या पावसावर विजेचं केंद्र चालतं, त्याच पावसात आपली गाडी चार महिने उघड्यावर उभी असते. म्हणून शहरातल्या बंद पार्किंगमधल्या गाडीला जो सल्ला पुरतो, तो आपल्याला पुरत नाही.

नुसत्या पाण्यानं रंग फारसा बिघडत नाही, बरं का. पाण्याबरोबर जे येतं ते नडतं. डंपरच्या चाकांनी उडवलेला चिखल, त्यातली बारीक कच, बांधकामाच्या जागेवरचे सिमेंटचे शिंतोडे. गाडी झाडाखाली लावली तर पाखरांची विष्ठा आली. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात दोन दिवस राहिली तर रंगावर कायमचा डाग पाडते. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडले की त्यांचा चिकट गोड स्राव खालच्या गाडीवर ठिबकतो आणि त्यावर धूळ बसते. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून ऊन आणि धूळ. उन्हातले अतिनील किरण रंगाचा वरचा थर हळूहळू निस्तेज करत जातात. लाल गाड्या फिकटतात, काळ्या करड्या होतात, ते त्यामुळेच.

आता हा रंग जाड तरी किती असतो? पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग अस्तर, मग रंग आणि सगळ्यात वर चकाकणारा पारदर्शक थर. हे सगळं मिळून आपल्या डोक्याच्या केसाएवढं, फार तर थोडं अधिक जाड. त्यातला पारदर्शक थर तर त्याच्याही निम्म्याहून कमी. हीच आपली सगळी पुंजी. ती झिजू द्यायची नसेल तर तिच्यावर दुसरं काहीतरी झिजायला ठेवायला हवं. मेणाचा, म्हणजे वॅक्सचा लेप लावायचा तो याचसाठी.

अळूचं पान काय शिकवतं

परसात अळू असेल तर पाऊस पडून गेल्यावर एक पान जवळून पाहा. थेंब मोत्यासारखे गोल राहतात आणि पान जरा हललं की घरंगळून जातात. “अळवावरचं पाणी” असं आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, पण त्यामागची युक्ती मात्र पक्की आहे. पानावर मेणाचा अगदी पातळ थर असतो आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. मेण पाण्याला पसरू देत नाही, आणि उंचवट्यांमुळे थेंबाला धरायला जागाच मिळत नाही. जाताना तो थेंब धूळही घेऊन जातो.

गाडीच्या वॅक्समध्ये यातली अर्धी युक्ती असते. मेण आहे, पण उंचवटे नाहीत. म्हणून उतरत्या भागावरून पाणी पळतं, तरी सपाट बॉनेटवर आणि टपावर थेंब तसेच बसून राहतात. बोअरच्या जड पाण्यानं गाडी धुतली आणि ते थेंब उन्हात वाळले, तर नळाखालच्या बादलीला पडतात तसे पांढरे गोल डाग पडतात. म्हणून वॅक्स लावलेल्या गाडीचंही धुतल्यावर पाणी टिपून घ्यावं लागतं. वॅक्स लावलं की काम संपलं, असं नव्हे. मात्र चिखल, विष्ठा, चीक हे सगळं रंगाला न धरता मेणाला धरतं आणि पाण्याच्या दोन तांब्यांत सुटतं. धुताना घासावं लागत नाही, आणि घासावं लागत नाही म्हणून ओरखडे पडत नाहीत.

पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं

दुकानात गेलं की काउंटरवर दहा डबे मांडले जातात आणि दुकानदार सगळ्यांनाच “पॉलिश” म्हणतो. इथेच गफलत होते. पितळेचा समई-तांब्या ब्रासोनं उजळतो, कारण ब्रासो वरचा काळा थर घासून काढतं. गाडीचं पॉलिश आणि त्याहून खरखरीत असं रबिंग कंपाउंड हेच करतं. रंगाचा अगदी पातळ थर खरवडून ते खालची चकाकी वर आणतं. वॅक्स याच्या उलट, ते काहीच काढत नाही, वर लेप देतं. मघाशी सांगितलेली ती केसाएवढी पुंजी आठवा. दर महिन्याला पॉलिश म्हणजे दर महिन्याला पुंजीतून खर्च.

डब्यावर “क्लीनर वॅक्स” लिहिलेलं असेल तर त्यात दोन्ही असतं, थोडं घासणंही आणि थोडं मेणही. मळक्या, निस्तेज झालेल्या जुन्या गाडीला ते एकदा लावायला चांगलं. नव्या गाडीला त्याची गरज नाही.

जुन्या काळच्या फियाट-अँबॅसडर आणि स्कूटर आठवत असतील, तर पुसताना फडक्याला रंग लागायचा हेही आठवेल. त्या गाड्यांच्या रंगावर बहुधा वेगळा पारदर्शक थर नसायचा. आजही पुसताना फडकं गाडीच्या रंगाचं झालं, तर त्या भागावर पारदर्शक थर नाही किंवा तो गेलेला आहे असं समजावं आणि तिथं घासणारं काहीही लावू नये.

तीन प्रकार आणि आपली निवड

पहिला प्रकार नैसर्गिक मेणाचा. त्यात मुख्य असतं कार्नुबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण आहे. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड अंगावर हे मेण बाळगतं. आपल्याला ते अनोळखी नाही. मुलांच्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांवरची चकाकी, औषधाच्या काही गोळ्यांवरचा गुळगुळीतपणा, लिपस्टिक, बुटाचं पॉलिश या सगळ्यांत ते वापरतात. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, तर कार्नुबा ८० अंशांच्या पुढे. भर उन्हात काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही, तिथं हे मेण टिकतं ते यामुळे. याची झळाळी फार सुंदर, पण उघड्यावरच्या गाडीवर ते महिना-दीड महिना पुरतं, आणि आपल्या आषाढात त्याहूनही कमी.

दुसरा प्रकार कृत्रिम मेणाचा, ज्याला सीलंट म्हणतात. हे कारखान्यात बनवलेल्या पॉलिमरचं असतं. झळाळी थोडी काचेसारखी, कोरडी वाटते, पण ते रंगाला घट्ट धरून राहतं. चार-सहा महिने टिकतं असं डब्यावर लिहिलेलं असतं. ते कोणत्या गावच्या पावसात, हे मात्र लिहिलेलं नसतं! आपण त्यातले निम्मे धरून चालावं.

तिसरा प्रकार सिरॅमिक कोटिंगचा. हे मेण नव्हे. वाळूत असतं त्या सिलिकाच्या जातीचं रसायन रंगावर कडक होऊन बसतं आणि नीट लावलं तर वर्ष-दोन वर्षं राहतं. पण त्याआधी रंग पूर्ण स्वच्छ आणि सपाट करावा लागतो, काम कारागिराचं आहे आणि खर्च हजारांत जातो. माझ्या एका मैत्रिणीला नवी गाडी घेताना शोरूममध्ये सांगितलं, की हे करून घ्या, मग ओरखडाच पडणार नाही. तिनं हौसेनं पैसे मोजले. दिवाळीपर्यंत कोरड्या फडक्यानं रोज धूळ झटकून बॉनेटवर जाळं उमटलं. विचारायला गेली तर उत्तर मिळालं, “मॅडम, कोटिंग ओरखड्यांसाठी नसतं.”

या कोटिंगच्या जाहिरातीत “नाइन एच कठीणपणा” असे शब्द असतात. ऐकून हिऱ्याची आठवण येते. पण हा एच आपल्या पेन्सिलीवरचाच! शाळेत चित्रकलेला आपण एचबी, टू-बी, टू-एच म्हणतो, त्याच मापातली सगळ्यात कठीण पेन्सिल म्हणजे नाइन एच. लेपावर पेन्सिली ओढून तो कितवीला चरतो हे पाहायची ही पद्धत आहे. पेन्सिलीनं चरत नाही म्हणजे रस्त्यावरच्या खडीनं चरणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग घ्यावं काय? गाडी उघड्यावर, पाऊस मुळशीचा, आणि हाताशी रविवारची एक सकाळ, असं असेल तर माझं मत पातळ, ओतून लावायच्या कृत्रिम वॅक्सला. डब्यातलं घट्ट मेण पावसाळी दमट हवेत वाळायला वेळ घेतं, जाड लागलं तर पुसताना दंड भरून येतात, आणि पुढच्या वेळी आपण टाळाटाळ करतो. खरं टिकाऊ वॅक्स ते, जे आपण पुन्हा लावायला कंटाळत नाही. सहा महिन्यांचं म्हणून आणलेलं आणि एकदाच लावून माळ्यावर गेलेलं वॅक्स हे तीन महिन्यांच्या साध्या वॅक्सपेक्षा महागच पडतं. जोडीला फवारून पुसायच्या स्प्रे वॅक्सची एक बाटली ठेवा. ते फार दिवस टिकत नाही, पण ऐन श्रावणात, गाडी धुतल्या धुतल्या दहा मिनिटांत हात फिरवायला सोयीचं असतं.

दोन बाटल्यांत निवड होत नसेल तर शेजारणीशी भागीदारी करा. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून अर्ध्याला एक, अर्ध्याला दुसरं लावा. पट्टी काढा आणि दर रविवारी तांब्याभर पाणी ओता. ज्या बाजूला थेंब गोल उभे राहायचे थांबून पाणी पसरट बसायला लागेल, तिथलं मेण संपत आलं. जाहिरात वाचण्यापेक्षा हा निकाल खरा.

लावायची रीत

आधी गाडी धुवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका. ते तेलकटपणा काढायलाच बनवलेले असतात, आधीचं मेणही ते काढून नेतात. गाडीचा शाम्पू आणा, तो बादलीला झाकणभर पुरतो. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळून घ्यायचं साधं पाणी. चिखल आधी नुसत्या पाण्यानं उतरवा, घासू नका. वरून खाली या. चाकं शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं.

वाळल्यावर हाताला पावाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून चटकन कळते. फार खरखर लागली तर क्ले बार नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. ती ओल्या पत्र्यावर हलकेच फिरवली की चिकटलेले कण निघतात.

मग गाडी सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, तापलेल्या पत्र्यावर वॅक्स डाग धरतं. ओल्या-मऊ स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स घ्या आणि एका वेळी एकच भाग करा, एक दार किंवा अर्धं बॉनेट. डोशावर तेलाचा हात फिरवतो तितकाच पातळ थर हवा. जाड लावल्यानं जास्त टिकत नाही, जास्तीचं सगळं फडक्यातच जातं. पाच-दहा मिनिटांत धुरकट साय येते. बोटानं एक रेघ ओढून पाहा. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला तयार, फरफटली तर थांबा. (बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर ती पाळा.) पुसायला मायक्रोफायबरचं फडकं उत्तम. जुन्या सुती साडीचं मऊ फडकंही चालेल, पण काठाची जर, हूक, बटण त्यात नको, आणि जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला नको. स्कूटरला अर्धा-पाऊण तास, मोटारीला दीड-दोन तास लागतात. पुसल्यावर ते दिवसभर कोरडं राहू द्यावं. म्हणून आकाश पाहूनच सुरुवात करा.

हे मात्र करू नका

स्कूटरची सीट, पाय ठेवायची जागा, हँडलच्या मुठी, टायर आणि ब्रेकची तबकडी यांना वॅक्सचं बोटही लावू नका. सीटवरून घसरणं किंवा ब्रेक न लागणं जिवावर बेतू शकतं. काळ्या खरखरीत प्लॅस्टिकवर ते गेलं तर पांढरे डाग राहतात, आणि मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स लावलं तर तिचा मॅटपणा ठिकठिकाणी जातो.

रॉकेल-डिझेलचा बोळा फिरवून गाडी चकाकवायची जुनी सवय सोडा. चकाकी चार दिवसांची, तिच्यावर धूळ मात्र दुप्पट बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात.

मेणाखाली गंज झाकू नका. पत्र्याच्या गाडीत, मग ती पुण्याच्या बजाजची १९७२ मधली चेतक असो की २०२० मध्ये विजेवर परतलेली चेतक, खड्याचा टवका उडाला की गंजाला दार उघडतं. वॅक्स ते दार बंद करत नाही. आधी गंज हलकेच घासून काढा, गाडीच्या रंगाच्या नंबराची छोटी बाटली आणून टवका भरा, तो रंग नीट वाळू द्या, मगच वॅक्स.

आणि बाटली स्वयंपाकघरात ठेवू नका. पुष्कळशा वॅक्समध्ये पेट पकडणारी द्रव्यं असतात. मुलांच्या हाताबाहेर, गॅसपासून लांब, झाकण घट्ट लावून ठेवा.

वर्षाचा हिशोब

आपल्या सणावारांशी जोडलं की हे काम विसरत नाही. पहिला हात मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. आषाढ-श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा धुऊन स्प्रे वॅक्स. दुसरा मोठा हात दसऱ्याला. खंडेनवमीला गाडी आपण धुतोच, तिथंच आणखी तासभर द्या. मेण आधी लावा, पूजा नंतर. स्वस्तिक काढायचं ते मेणावर येईल आणि हळदी-कुंकवाचा, झेंडूचा डाग रंगात मुरणार नाही. पूजेचं दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं टिपून घ्या. तिसरा हात संक्रांतीच्या सुमाराला, उन्हं तापायच्या आधी.

दोन-चारशे रुपयांपासून मिळणारी वॅक्सची एक बाटली एवढ्या कामाला वर्षभर पुरते, शेजारच्या स्कूटरलाही थोडी उरते. उलट एकच दार नव्यानं रंगवायचं म्हटलं तरी गॅरेजवाला हजारांत बोलतो, आणि तो रंग जुन्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक इंजिन ऐकायच्या आधी रंगच पाहतं.

लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर राखतो तो तेलाच्या हौसेनं नव्हे, खालच्या फोडींसाठी. तेल कमी झालं की आपण न कुरकुरता वरून घालतो. गाडीवरचं मेण असंच आहे. ते झिजणारच. ते झिजतं म्हणूनच रंग राहतो. यंदा तांदळाच्या कोठीला पाला घालाल, त्याच रविवारी तांब्याभर पाणी घेऊन बॉनेटवर ओतून पाहा. थेंब उभे राहिले तर उत्तम, नाहीतर बाहीवर पदर खोचा. पाऊस यायला अजून आठवडा आहे.